खेड्यातल्या नव्या घरात बिल्ट-इन फ्रिज : विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकेल का?

पऱ्हाटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यात आमचं जुनं घर पाडून नवं बांधणं चाललं आहे. स्लॅब झाला, प्लास्टर सुरू आहे आणि घरात रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या आखणीवर चर्चा होते. नागपूरच्या ज्या दुकानात किचनचं काम द्यायचा विचार आहे, तिथे बिल्ट-इन फ्रिज पाहिला. बाहेरून नुसतं कपाट दिसतं, पल्ला उघडला की आत फ्रिज. मला फारच आवडला. सासूबाईंनाही आवडला. आमचं स्वयंपाकघर बैठकीतून सरळ दिसणार आहे, त्यामुळे सगळं एका रंगात, एका रेषेत हवं असं मनात आहे.

पण दुकान एसीत आहे आणि आमचं घर नवतप्यात भाजून निघतं. म्हणून इथे विचारते.

थोडी माहिती देते. स्वयंपाकघर १४ बाय १० फूट. फ्रिजची जागा नकाशात पश्चिमेच्या भिंतीला कोपऱ्यात दाखवली आहे. घरात आम्ही सात जण, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत बारा-पंधरा. घरचं दूध आहे. हिवाळ्यात सोले (तुरीचे ओले दाणे) सोलून फ्रीजरमध्ये भरतो ते पार आखाडापर्यंत पुरवतो. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्येच असतं, त्यामुळे फ्रिज बंद पडणं आम्हाला परवडत नाही. लाइट जाते-येते. जवळचा कंपनीचा माणूस वर्ध्याहून किंवा हिंगणघाटहून येणार.

ज्यांच्याकडे आहे, ज्यांनी बसवून दिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. निर्णय प्लास्टर वाळायच्या आत घ्यायचा आहे, कारण विजेचे पॉइंट आत्ताच काढावे लागतील.

फिटर_मोर्शी

ताई, फार योग्य वेळी विचारलं. प्लास्टरनंतर विचारलं असतं तर निम्मे मार्ग बंद झाले असते. मी मोर्शी-वरूड भागात किचनची कामं करतो, तेव्हा हाताखालून गेलेलं तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. दुकानदार तीन वेगवेगळ्या वस्तूंना बिल्ट-इनच म्हणतात. पहिली म्हणजे खरा बिल्ट-इन. हा कपाटाच्या पोटात बसवायलाच बनवलेला असतो आणि त्याच्या दारावर तुमच्या किचनचा पल्ला चढतो. दुसरी म्हणजे साधा फ्रिज, पण खोली कमी असलेला, ओट्याच्या रेषेत बसणारा. तिसरी म्हणजे साधा फ्रिज आणि दोन्ही बाजूंनी उभ्या फळ्या मारून केलेला खाचा. फोटोत तिन्ही छान दिसतात. फरक आहे तो गरम हवा कुठून बाहेर पडते यात.

आजकालच्या बहुतेक साध्या फ्रिजमध्ये मागची काळी जाळी दिसत नाही, कारण ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. चालू फ्रिजच्या बाजूला हात लावून पाहा, कोमट लागेल. असा फ्रिज घट्ट कपाटात कोंडला तर उष्णता जाणार कुठे? खऱ्या बिल्ट-इनला बाजूनं जागा लागत नाही. तो खालच्या पट्टीतल्या जाळीतून गार हवा घेतो, ती पाठीमागच्या पोकळीतून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून निघून जाते.

ती पोकळी आणि तोंडं किती मोठी हवीत हे कंपनीच्या कागदावर असतं. बहुतेक युरोपीय मॉडेलांना किमान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट लागते. म्हणजे ५० सेंमी रुंद आणि ४ सेंमी खोल पोकळी, खालपासून वरपर्यंत सलग. मध्ये कुठेही आडवी फळी नको. जाळीच्या पट्ट्या निम्मी जागा खातात, म्हणून जाळी मापाच्या दुप्पट घ्यायची.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. सुतार फ्रिजच्या वर एक छान बंद कप्पा काढून देतो. त्यात मोठे डबे, परात, पाहुण्यांची भांडी. अन् हवेची वाट तिथेच बंद होते. मग मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि घरचे लोक कंपनीला दोष देतात.

पऱ्हाटी

फिटर दादा, खूप आभार. आमच्या नकाशात फ्रिजच्या वर स्लॅबपर्यंत कप्पेच दाखवले आहेत! मग ते काढायचेच का?

फिटर_मोर्शी

काढू नका, पुढे ओढा. वरच्या कप्प्याची खोली मागून ५ सेंमी कमी ठेवायची म्हणजे पोकळी त्याच्या पाठीमागून स्लॅबपर्यंत जाते. मग माथ्यावर पुढच्या बाजूला जाळीची पट्टी द्यायची. पीओपीचं छत करणार असाल तर ते कपाटाच्या माथ्याला टेकवू नका.

अकोला_४६

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वरच्या हवेच्या मुद्द्याला थोडी जोड देतो, कारण आपल्याकडे तो दुप्पट महत्त्वाचा आहे.

फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसून खोलीत टाकतो, आणि त्या कामाला जी वीज लागली तीही उष्णता होऊन खोलीतच पडते. बाहेरची हवा जितकी गरम तितका हा उपसा कठीण. त्यामुळे खोलीचं तापमान काय आहे यापेक्षा फ्रिजच्या पाठीमागच्या पोकळीत काय आहे याच्याशी त्याचं जास्त देणंघेणं आहे. खोलीत ४० असेल आणि कोंडलेल्या पोकळीत ५० झालं, तर फ्रिज ५० मध्ये उभा आहे असं समजा.

प्रत्येक फ्रिजला हवामान-वर्ग असतो, आतल्या बाजूच्या छोट्या स्टिकरवर लिहिलेला. एसएन म्हणजे १० ते ३२ अंश, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८, आणि टी म्हणजे १६ ते ४३. खोलीचं तापमान या हद्दीत असेल तर फ्रिज ठरल्याप्रमाणे काम करील, असा त्याचा अर्थ. आता अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात बाहेर ४५-४६ ही बातमी राहिलेली नाही. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ नोंदलं गेलं होतं. घरात त्याहून कमी असतं हे खरं, पण दुपारी पश्चिमेची भिंत तापलेली आणि शेगडीवर भाजी, अशा स्वयंपाकघरात ४०-४२ सहज होतं. म्हणजे टी वर्गाच्या वरच्या काठाशी आपण आधीच उभे आहोत. एन किंवा एसटी वर्गाचा फ्रिज कितीही देखणा असो, आपल्याकडे आणू नये. दुकानात स्टिकर स्वतः वाचा. परदेशी मॉडेलं मुख्यतः गार देशांच्या मापानं बनतात, त्यामुळे बिल्ट-इनमध्ये हे तपासणं अधिकच गरजेचं आहे.

आणि ताई, कृपा करून पश्चिमेची भिंत सोडा. ती भिंत दुपारभर उष्णता पिते आणि रात्री दहापर्यंत आत सोडत राहते. तुमची पोकळी नेमकी त्या भिंतीला लागून येणार आहे. उत्तरेची भिंत मिळत असेल तर बाकी काहीही हलवा, फ्रिज तिकडे घ्या.

दारव्ह्याचा_गडी

ताई, सगळे बरोबर सांगून राह्यले, पण आधी लाइटचं पाहा. आमच्याकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या का होल्टेज १७०-१८० वर येते. अन् रात्री मोटारी बंद झाल्या का २५० च्या वर चढते. फ्रिजले हे दोन्ही नाई चालत.

दुसरं म्हणजे लाइट गेली अन् मिनिटात परत आली तर कॉम्प्रेसर लगेच चालू नाई झाला पाह्यजे. आतला दाब बसाले दोन-चार मिनटं लागते. त्याच्या आत चालू झाला का तो अडकते, करंट जास्त ओढते, तापते. म्हणून स्टॅबिलायझर घ्यायचा तो टाइम डिले असलेलाच घ्यायचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाले म्हणतात का स्टॅबिलायझरची गरज नाई. होल्टेजचं त्यायचं म्हणणं बरंचसं खरं हाय, कारण तो हळूहळू चालू होते अन् कमी करंटवर चालते. पण त्याचं कार्ड नाजूक राह्यते. मृगाच्या आधी इजा कडाडते ना, तेव्हा कार्डं जाते. त्याच्यासाठी सर्ज प्रोटेक्टर डीबीतच (घराच्या मेन बोर्डातच) बसवून घ्या.

अन् अर्थिंग! नवं घर हाय तर खड्डा आत्ताच करा. कोळसा-मीठ टाकून प्लेट गाडा, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडाले पाइप ठेवा. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते अन् अर्थिंग ढिली पडते.

पऱ्हाटी

भाऊ, हे फार कामाचं सांगितलं. छतावर सोलर बसवायचं ठरलं आहे. सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं म्हणून. मग लाइट गेली तरी दिवसा फ्रिज चालेल ना?

दारव्ह्याचा_गडी

नाई चालणार. हाच घोळ गावोगावी होऊन राह्यला. ऑनग्रिड सोलर लाइनवर लाइट असेल तेव्हाच चालते. लाइट गेली का तेही बंद, काहून का नाई तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनले शॉक बसन. लाइट गेल्यावर चालवाचं असन तर बॅटरी लागन. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हवाला घ्या अन् फ्रिजचा पॉइंट त्याच्यावर टाका. १५० एएचची चांगली बॅटरी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजले काही तास आरामात काढून देते. फक्त त्याच्यावर मिक्सर अन् कूलर टाकू नका.

सांबारवडी

मी यवतमाळची. सगळे भाऊ-दादा हवेचं आणि विजेचं सांगत आहेत, मी आतलं सांगते. त्या फ्रिजमध्ये मावतं किती हे दुकानात कोणी विचारलं का?

सर्वसाधारण बिल्ट-इनचा खाचा ५६ सेंमी रुंद, ५५ सेंमी खोल आणि पावणेदोन मीटरच्या थोडा वर उंच असतो. हे युरोपातल्या किचनचं ठरीव माप आहे. कपाटाची जाडी, पोकळी, दाराची जाडी वजा जाता आत उरतं २५०-२७० लिटर, वरचा-खालचा भाग मिळून. तीन-चार माणसांना ठीक आहे. ताई, तुमच्या घरी सात माणसं, घरचं दूध आणि दिवाळीला पंधरा! दुधाचा मोठा गंज (उभं पातेलं), विरजणाचं भांडं, भिजवलेल्या डाळीचं पातेलं, कणकेचा डबा, मिरच्या-सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) पिशव्या, वर्षाचं लोणचं काढून ठेवलेली बरणी. इतकं त्या अरुंद फ्रिजमध्ये कसं बसवाल? आतली रुंदी मोजा. बाहेरून ५६ म्हणजे आतून ४५-४८ सेंमीच्या आसपास. तुमचा सगळ्यात मोठा गंज घेऊन दुकानात जा, अगदी खरंच सांगते, आणि कप्प्यात ठेवून दार लावून पाहा. काचेचे कप्पे किती वर-खाली होतात तेही पाहा.

आणि फ्रीजर. सोले, मटार, ओला हरभरा हे सगळं आपण वर्षभराचं भरतो. बिल्ट-इनचा फ्रीजर बहुतेक वेळा तीन खणांचा असतो, ७० लिटरच्या आसपास. माझ्या मते सोल्यांसाठी १००-१५० लिटरचा वेगळा डीप फ्रीजर मागच्या खोलीत ठेवणं जास्त शहाणपणाचं आहे. मग स्वयंपाकघरातला फ्रिज लहान असला तरी चालतो. हिवाळ्यात भरला की आखाडापर्यंत रिकामा होतो, तेव्हा बंद करून धुऊन ठेवायचा.

सालबर्डी

सांबारवडी ताईंशी पूर्ण सहमत. लग्नसराईत तर फ्रिजचं दार बंद होत नाही.

ब्रह्मपुरीकर

इथे सगळा विरोधी सूर दिसतोय म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्याकडे ब्रह्मपुरीत बिल्ट-इन आहे, बरेच उन्हाळे झाले, उत्तम चालू आहे. ब्रह्मपुरीचा उन्हाळा काय असतो ते बातम्यांत दरवर्षी ऐकताच.

तो चालतो याचं कारण जागा. आमचा फ्रिज उत्तरेच्या भिंतीला आहे, त्या भिंतीबाहेर पडवी आहे, त्यामुळे तिच्यावर ऊन कधीच पडत नाही. घर बांधतानाच कपाटाच्या माथ्याच्या वर भिंतीत सहा इंची पाइप टाकून घेतला. पोकळीतली गरम हवा पुन्हा स्वयंपाकघरात न येता सरळ पडवीत निघून जाते. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी आणि पावसाचं झाकण. हे करायला खर्च नगण्य आला, पण बांधकाम चालू असतानाच होऊ शकतं.

फायदे कोणी सांगितले नाहीत म्हणून सांगतो. आवाज जवळजवळ येत नाही. फ्रिजच्या माथ्यावर आणि मागे तेलकट धूळ साचते ती भानगड नाही. फोडणीचा वाफारा दारावर बसत नाही, पल्ला ओल्या फडक्यानं पुसला की झालं. मुलं येता-जाता दार उघडत नाहीत, कारण फ्रिज डोळ्यासमोर नसतो. आईला वाकावं लागत नाही, कारण आम्ही तो जमिनीपासून थोडा वर घेतला आणि खाली खण दिला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही सोय किती मोठी आहे ते घरात म्हातारं माणूस असलेल्यालाच कळेल.

पैसे जास्त पडतात हे मान्य. साधा ३०० लिटरचा डबल डोअर जितक्यात येतो त्याच्या तिप्पट-चौपट सहज, म्हणजे लाखाच्या पुढे, आणि पल्ला, सुतारकाम वेगळं. पण घर एकदाच बांधतो आपण. ज्याला परवडतं आणि आवडतं त्यानं घ्यावा, फक्त जागा नीट करून घ्यावा.

पऱ्हाटी

ब्रह्मपुरीकर दादा, पडवीत पाइप काढण्याची कल्पना फारच आवडली. आमच्याही उत्तरेला पडवी आहे! तिकडे सध्या भांडी घासायची जागा दाखवली आहे. आज रात्री घरात विषय काढते.

एक भीती आहे. त्या पाइपातून आणि खालच्या जाळीतून उंदीर आत नाही का येणार? शेतावरचं घर आहे, तूर-सोयाबीन घरात असतं. उंदरांचा त्रास आहेच.

फिटर_मोर्शी

येणारच, म्हणून दोन्ही तोंडांना स्टीलची बारीक विणीची जाळी लावा, प्लॅस्टिकची नको. पोकळी उबदार, अंधारी आणि शांत असते, उंदराला त्याहून चांगली जागा मिळत नाही, आणि मग तो वायरींकडे वळतो. खालची पट्टी क्लिपवर बसवा, स्क्रूनं पक्की करू नका. महिन्या-दोन महिन्यांनी ती काढून आत ब्रश फिरवता आला पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या घरांत जी बारीक तूस उडते ती जाळीवर थर धरते, मी काढलेली आहे हातानं.

उधईचं (वाळवीचं) कोणी बोललं नाही. मातीत आयएस ६३१३ (भारतीय मानक) प्रमाणे औषध मारून घेतलं का? पाया भरताना राहिलं असेल तर आता जोत्याच्या कडेनं भोकं पाडून मारतात, ते करून घ्या. कपाटाला आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय वापरा, निदान फ्रिजच्या कपाटाला तरी. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) अजिबात नको. पावसाळ्यात फ्रिजच्या बाजूला दव धरतं, एमडीएफ फुगतं आणि पल्ला घासायला लागतो.

काळीमाती

पल्ला घासण्याचं दुसरं कारण मी लिहितो. मी बांधकाम पाहतो, पुसद-उमरखेडकडे.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया नीट खोल गेला नसेल, किंवा जोत्याखाली मुरूम भरून दाबलेला नसेल, तर फरशी दोन वर्षांत एका बाजूला दबते. साधा फ्रिज असेल तर त्याचा पाय फिरवून समतोल करता येतो, दोन मिनिटांचं काम. बिल्ट-इन कपाटाला स्क्रूनं बांधलेला असतो. कपाट कललं की पल्ला आणि फ्रिजचं दार दोन्ही वेगळं ओढतात, रबर एका कोपऱ्यात उघडं राहतं, आणि आत बर्फ धरायला सुरुवात होते. लोकांना वाटतं गॅस गेला.

म्हणून फ्रिजच्या कपाटाखाली फरशीवर भरवसा न ठेवता काँक्रीटचा कट्टा घाला, तो खालच्या प्लिंथ बीमवर टेकेल असा. तुमच्या इंजिनिअरला एवढं वाक्य सांगितलं की त्याला कळेल. आणि कपाट फरशी बसून एक पावसाळा गेल्यावर लावता आलं तर उत्तमच.

अकोला_४६

काळीमाती यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. रबर नीट बसतं का ते तपासायची सोपी रीत : दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे फट आहे. चारी कोपऱ्यांत करून पाहा.

सांबारवडी

बिजागरीचं विचारायचं राहिलं. माझ्या बहिणीकडे पल्ला आणि फ्रिजचं दार यांच्यामध्ये एक पट्टी सरकते, त्यामुळे पूर्ण उघडत नाही आणि भाज्यांचा खण बाहेर येत नाही. हा प्रकार काय आहे?

फिटर_मोर्शी

दोन पद्धती आहेत. एकीत पल्ला कपाटाच्या बिजागरीवर लटकतो आणि फ्रिजच्या दाराला सरकत्या पट्टीनं जोडलेला असतो. ही स्वस्त, पण दार कमी उघडतं आणि पट्टीत कचरा धरतो. दुसरीत पल्ला थेट फ्रिजच्या दारावर पक्का केलेला असतो, सगळं वजन फ्रिजच्या बिजागरीवर. ही जास्त टिकाऊ आणि दार पूर्ण उघडतं. फक्त पल्ल्याचं वजन कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत हवं. १८ मिमीची प्लाय चौरस मीटरला ११-१२ किलो भरते, म्हणजे ६० सेंमी बाय एक मीटरचा पल्ला सात किलोच्या आसपास. त्यावर काच किंवा जाड ॲक्रिलिक चढवलं की वजन भराभर वाढतं. लॅमिनेट पुरे.

दारव्ह्याचा_गडी

अन् बिघडला तर? हा फ्रिज ओढून बाहेर काढता येत नाई. पल्ला उतरवा, स्क्रू काढा, दोन माणसं लागते. आमच्याइकडचा मेकॅनिक त्याले हात लावाले तयार नाई होत.

फिटर_मोर्शी

बरोबर आहे. विकत घेण्याआधी कंपनीच्या टोल फ्रीवर फोन करून आपला पिनकोड सांगा आणि तिथे बिल्ट-इनची सर्व्हिस देता का, घरी येऊन देता का, हे विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पिनकोड त्यांच्या यादीत नसेल तर तो फ्रिज कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही. आणि हल्लीच्या फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे. प्रमाण थोडं असतं, घाबरायचं कारण नाही, पण गॅस भरायला प्रशिक्षित माणूसच हवा. जुन्या पद्धतीनं टॉर्च पेटवून नळी जोडणाऱ्याला बंद कपाटाशेजारी बसू देऊ नका.

वायगावची_हळद

ताई, मी नर्स आहे, इन्सुलिनपुरतं लिहिते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात हवं आणि ते कधीही गोठता कामा नये. गोठून वितळलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, ते दिसायला ठीक दिसलं तरी. म्हणून फ्रीजरला लागून किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दारातही नको, तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, डब्यात. शेजारी एक साधा फ्रिज थर्मामीटर ठेवा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. फ्रिज कोणताही घ्या, बिल्ट-इन का साधा, हा थर्मामीटर घ्याच. उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता तो काय दाखवतो ते पाहिलं की फ्रिजला जागा पुरते का नाही तेही आपोआप कळेल.

लाइट गेली तर दार उघडू नका. बराच वेळ येणार नसेल तर इन्सुलिनचा डबा पिशवीत गुंडाळून ओल्या फडक्याच्या माठाशेजारी सावलीत ठेवा, बर्फाला थेट लावू नका.

पऱ्हाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात नुसती याचीच चर्चा होती, हा धागा सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

असं ठरतं आहे. भांडी घासायची जागा पश्चिमेला गेली, फ्रिज उत्तरेला पडवीच्या भिंतीला आला. पाइप टाकायला गवंड्याला सांगितलं. कट्टाही घालतो आहोत. सोल्यांसाठी डीप फ्रीजर मागच्या खोलीत, सांबारवडी ताईंनी सांगितलं तसा. माझा मोठा गंज दुकानातल्या फ्रिजमध्ये बसला नाही, दुकानातल्या मुलानंच मान्य केलं.

त्यामुळे सध्या मनात आहे की साधाच मोठा, ३५०-४०० लिटरचा टी वर्गाचा फ्रिज घ्यायचा आणि त्याला खाचा असा करायचा की दोन्ही बाजूंच्या फळ्या आणि वरचा कप्पा किचनच्या रंगात येतील. पुढे दहा वर्षांनी माणसं कमी झाली आणि बिल्ट-इन घ्यावासा वाटला तर त्याच खाच्यात कपाट बसवता आलं पाहिजे. फिटर दादा, माप काय ठेवू?

ब्रह्मपुरीकर

निर्णय तुमच्या घराला साजेसा आहे. पाइप मात्र रद्द करू नका, साध्या फ्रिजलाही तो तितकाच उपयोगी पडतो.

फिटर_मोर्शी

ताई, आतून स्पष्ट रुंदी ८० सेंमी ठेवा. त्या मापाचा फ्रिज ६० ते ६८ पर्यंत असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंमी तरी मोकळी राहते, बाजूनं गरम होणाऱ्या फ्रिजला ती हवीच. पण मॉडेल ठरलं की त्याच्या पुस्तकातलं अंतर पाहून मगच फळी ठोका. मागे १० सेंमी, वर किमान १५. पुढे बिल्ट-इन आणलाच तर ६० सेंमीचं कपाट बसून शेजारी उभा खण निघेल, तेलाच्या डब्यांना.

फ्रिज खाच्यातून थोडा पुढे ठेवायचा, म्हणजे दार उघडताना फळीला घासणार नाही आणि भाज्यांचा खण पूर्ण बाहेर येईल. ज्या बाजूला ओटा आहे त्याच्या विरुद्ध बाजूला बिजागरी हवी, नाही तर दूध काढलं की दाराला वळसा घालून ओट्यावर यावं लागतं.

आणि सॉकेट फ्रिजच्या पाठीमागे काढू नका. शेजारच्या कपाटात, कमरेच्या उंचीवर, १६ अँपिअरचा, स्वतंत्र एमसीबीवर, इन्व्हर्टरच्या लाइनवर. स्टॅबिलायझर त्याच कपाटात बसेल, त्या कपाटाच्या पल्ल्यालाही जाळी द्या. गवंडी उद्या झिरी मारणार असेल तर त्याला आजच फोन करा.